त्याऐवजी शेळी असे वाचावे

माझ्या दादाला विनोद कळत नाही, असं मी एकदा त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. त्याने थोडा विचार केला आणि मला विचारलं, "कोणता?"

तो बस आगाराच्या वेळापत्रक कचेरीत आहे. कुठली बस किती वाजता सुटेल, वाटेत कुठे किती मिनिटं थांबेल, ड्रायव्हर जेवेल कधी, हे सगळं तक्त्यात बसवायचं त्याचं काम. सत्तावीस वर्षांत त्याच्या तक्त्यात एकही चूक सापडलेली नाही. हे मला माहीत आहे, कारण तो ते वर्षातून चार वेळा तरी सांगतो.

अशा माणसाने आपला रविवार राक्षसांना वाहिला आहे, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण दर रविवारी दुपारी चार ते सात आम्ही त्याच्या जेवणाच्या टेबलावर खेळतो. आमच्यातला एकजण मास्तर होतो, म्हणजे कायम दादाच होतो. त्याने एक दुनिया रचायची, त्यात गुहा, पडके किल्ले, जादूगार, पुरलेलं सोनं. बाकीच्यांनी त्या दुनियेतला एकेक माणूस घ्यायचा आणि "मी दार उघडते", "मी पळून जातो" असं बोलत बोलत पुढे जायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. मेला तर मेला, कागद फाडायचा आणि नवा माणूस घ्यायचा. हल्लीच्या खेळांत म्हणे माणसं सहजासहजी मरत नाहीत. आमचा खेळ जुन्या वळणाचा आहे. आमच्याकडे एकजण जिन्यावरून घसरून मेलेला आहे, आणि तोही खाली उतरताना नाही, वर चढताना.

मास्तरची सामग्री काय, तर एक पडदा आणि एक रजिस्टर. पडदा म्हणजे चार पुठ्ठे चिकटपट्टीने जोडून उभे केलेले. त्याच्या आड मास्तर फासे टाकतो, नकाशे ठेवतो. आमच्या बाजूने त्यावर वहिनीने ड्रॅगन काढलाय. तो ड्रॅगन रागावलेल्या कोंबडीसारखा दिसतो, पण हे आम्ही वहिनीसमोर बोलत नाही.

रजिस्टर मात्र बघण्यासारखं. दादाला ऐनवेळी काही सुचत नाही, म्हणून त्याने सगळं आधीच सुचवून ठेवलंय. प्रत्येक प्रसंगाला एक तक्ता, प्रत्येक तक्त्यात वीस ओळी. वीस बाजूंचा फासा टाकायचा, जो आकडा येईल ती ओळ वाचायची. एका तक्त्याला एक पान: पुढच्या बाजूला मथळा आणि एक ते दहा, मागच्या बाजूला अकरा ते वीस. ही मांडणी नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथेच घसरणार आहे.

गंमत अशी की विनोद न कळणाऱ्या या माणसाचे तक्ते वाचून आमची हसून हसून पुरेवाट होते. तो सगळं आगारातल्या सूचनेसारखं लिहितो. 'खानावळीत ऐकू येणाऱ्या अफवा' या तक्त्यात आहे, "चार: डोंगरावर सोनं आहे (खोटं). पाच: डोंगर आहे (खरं)." 'गुहेत कोण भेटतं' मध्ये आहे, "अकरा: दोन राक्षस, भांडताना. बारा: एक राक्षस, दुसऱ्याशी अबोला." आम्ही लोळायला लागलो की दादा पडद्यावरून भुवया तेवढ्या वर काढतो आणि म्हणतो, "वेळ जातोय." खेळाडूला उशीर झाला तर त्यालाही तक्ता आहे, 'उशिराची कारणं'. थापा मारायच्या नाहीत, फासा टाकायचा आणि निघेल ते कारण सांगायचं. आणि अगदी शेवटच्या पानावर मथळा आहे, 'मास्तर चुकला तर'. खाली एक ते वीस आकडे घातलेत आणि पुढे काहीच नाही. बावीस वर्षं ते पान कोरं आहे. गरजच पडली नाही, असं दादा म्हणतो.

खेळणारे आम्ही तिघं. वहिनी, म्हणजे दादाची बायको. खऱ्या आयुष्यात ती शाळेत चित्रकला शिकवते, खेळात पाकीटमार आहे. मी दादाची धाकटी बहीण, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. आणि पान्या.

पान्या दादाचा शाळेपासूनचा दोस्त. नळाची कामं करतो, म्हणून पान्या. दादा जेवढा अबोल तेवढा हा बडबड्या. मी पाचवीत होते तेव्हापासून तो मला "ए धाकटे" म्हणतो, आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी तेच. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, जगात दादाला हसवू शकणारा हा एकच माणूस. दादाचं हसणं म्हणजे काय, नाकातून एकदा फुस्स होतं. पण ते फुस्स ऐकायला वहिनी दर रविवारी चहाची किटली हातात धरून दारात थांबायची.

पान्याचा खेळातला माणूस म्हणजे ठोकळ्या. बुटका, दाढीवाला, हातात कुऱ्हाड, अक्कल बेताची. अकरा वर्षं तो पान्याने जगवला होता. जुन्या वळणाच्या खेळात अकरा वर्षं म्हणजे थट्टा नाही. तेवढ्या काळात माझी नऊ माणसं मेली. ठोकळ्याचा कागद खोडून खोडून इतका विरला होता की वहिनीने मागून कापड चिकटवून दिलं होतं. आणि ठोकळ्याची एक रीत होती. कुठलंही दार आलं की तो पुढे होणार. "सरा, मी उघडतो," म्हणणार.

आता त्या रविवारबद्दल सांगते. सांगायचं जिवावर येतंय, पण सांगते.

किल्ल्याच्या तळघरात एक काळं दार होतं. ते उघडायची पाळी माझी. दादा चहा ओतायला स्वयंपाकघरात गेला, वहिनी त्याच्या मागे गेली, पान्या गॅलरीत फोनवर कुणाला तरी मुख्य कॉक कुठला ते समजावत होता. आणि मी, चाळीस ओलांडलेली बाई, वाकून पडद्याआड गेले आणि रजिस्टर उघडलं. हातात जॅमचं बिस्किट होतं. पडद्याआड बघायचं नाही हा पहिला नियम, आणि रजिस्टरजवळ गोड आणायचं नाही हा दुसरा. दोन्ही एकाच हाताने मोडले. 'काळं दार उघडल्यावर' हे पान सापडलं, ते उलटलं, आणि एक ओळ वाचायच्या आत बिस्किटातला जॅम टपकन पानावर पडला. तेवढ्यात दादाच्या चपला वाजल्या. मी अंगठ्याने पुसल्यासारखं केलं, रजिस्टर मिटलं आणि जागेवर येऊन साळसूदपणे बसले.

खेळ सुरू झाला. मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं, त्यामुळे दार उघडायला हात धजेना. "उघडू की नको" करत मी बसले. पान्या म्हणाला, "सर गं धाकटे, मी उघडतो."

दादाने फासा टाकला. सतरा. त्याने पान उलटलं, बोट खाली नेलं आणि वाचलं, "दगड. जागच्या जागी. उपाय नाही."

कुणाला कळेना. पान्या हसला. "दार उघडलं म्हणून दगड? अरे, दाराला हात लावून कोण दगड होतं?"

"जादूचं दार आहे," दादा पडद्याआडून म्हणाला.

"पण जीव वाचवायची एक संधी? एखादा फासा?"

"उपाय नाही असं लिहिलंय." आणि मान वर न करता दादा पुढे म्हणाला, "पुढची पाळी कोणाची?"

पान्याने ठोकळ्याचा कापड लावलेला कागद घडी करून खिशात घातला आणि आपला चहाचा कप विसळून ठेवून निघून गेला. एवढं काही बोलला नाही, म्हणून मला वाटलं पुढच्या रविवारी येईल. तो आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. रस्त्यात भेटला की माझी चौकशी करायचा, वहिनीची करायचा, दादाचं नाव निघालं की त्याला कुठेतरी गळती लागल्याचं आठवायचं.

असे सहा महिने गेले. दादाही कमी नाही. "नियम म्हणजे नियम," म्हणायचा आणि रविवारी चार वाजता टेबलावर पडदा उभा करून बसायचा. आम्ही दोघी खेळायचो, पण त्यात राम नव्हता. फुस्स तर नाहीच नाही. मग एका रविवारी त्याने पडदा उभाच केला नाही. सोमवारी वहिनी माझ्या दुकानात आली आणि काउंटरवर रजिस्टर ठेवलं.

"रद्दीत घाल म्हणाले," ती म्हणाली. "बावीस वर्षांचं आहे गं. माझा हात होईना. तू ठेव कुठेतरी."

मला रागच आला. दोन पन्नाशीचे पुरुष, आणि एका पुठ्ठ्याआडच्या बुटक्यावरून तोंडं फिरवून बसलेत! तसं मी वहिनीला म्हणालेही. ती म्हणाली, "बुटका नव्हे गं तो. अकरा वर्षं होती ती."

जेवणाच्या सुट्टीत मी रजिस्टर चाळत बसले. सहज, अंगठ्याने पानं सोडत. आता माझा धंदा असा की दिवसभर भिंगाची जाडी बोटाने चाचपायची. केसाएवढा फरक असला तरी अंगठा थांबतो. तो थांबला. एक पान जाड लागलं. परत सोडून बघितलं, परत तिथेच. आणि ते पान कुठलं होतं हे न बघताच मला कळलं.

'काळं दार उघडल्यावर' हे पान त्याच्या पुढच्या पानाला चिकटलेलं होतं. पुढचं पान होतं, 'जुन्या विहिरीचं पाणी प्यायल्यावर'.

चष्म्याच्या फ्रेमा वाकवण्यापूर्वी आम्ही त्या गरम हवेच्या यंत्रावर धरतो. त्यावर मी ते जोडपान धरलं. जॅम सैल पडला. पातळ पट्टीने हळूहळू सोडवलं तर आत एक लाल डाग, त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा, आणि सतराव्या ओळीपाशी बिस्किटाचा चुरा. दादाने पान उलटलं तेव्हा एक नव्हे, दोन पानं उलटली होती. दाराचा सतरा वाचायच्या ऐवजी त्याने विहिरीचा सतरा वाचला होता. मागच्या बाजूला मथळा नसतो, त्यामुळे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

दाराचा खरा सतरा असा होता: "आत शेळी. रागावलेली."

मी आधी हसले, मग तिथेच रडायला लागले. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याला वाटलं माझ्याच डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. खोटं कशाला सांगू, रजिस्टर जाळून टाकावं असंही वाटून गेलं. एकतर माझी लबाडी उघडी पडणार होती. त्यातून दादाला सांगायचं म्हणजे काय, सत्तावीस वर्षांत ज्याची चूक निघाली नाही त्याला सांगायचं की तुझी एकच चूक झाली आणि नेमकी ती तुझ्या एकुलत्या एका दोस्ताच्या डोक्यावर पडली. पण न सांगावं तर तो दोस्त कायमचा गेला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले.

दादाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्याने चष्मा लावला, पान उजेडात धरलं आणि आगारात अपघाताची चौकशी करतात तशी चौकशी सुरू केली.

"जॅम कसला?"

"स्ट्रॉबेरी."

"किती वाजता?"

"तू चहा ओतत होतास तेव्हा."

"म्हणजे पाच वाजून दहा मिनिटं. दार पाच चाळीसला उघडलं. तीस मिनिटांत सुकतो का?"

"अरे दादा, सुकला ना! समोर दिसतंय!" मला राहवेना. "ओरड की माझ्यावर. मी चोरून बघितलं, मी खरकटं सांडलं. माझ्यामुळे मेला तो."

दादाने पान खाली ठेवलं. "पान एकच उलटलंय ना, हे बघायचं काम मास्तरचं," तो म्हणाला. "तुझं नाही." आणि मग इतक्या हळू बोलला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "शेळी होती. नुसती शेळी होती गं."

मला वाटलं, सुटला प्रश्न. आता फोन करेल. कसला करतोय! खुर्चीत खिळून बसला. "कुठल्या तोंडाने जाऊ? सहा महिने मी नियम नियम करत होतो."

"आहे त्याच तोंडाने जा," वहिनी म्हणाली. "पान्याभावजींना ते तोंड चाळीस वर्षं माहितीय. आणि तुम्ही हो, आगारात वेळापत्रक चुकलं असतं तर काय केलं असतं?"

"शुद्धिपत्रक काढलं असतं."

"मग काढा की."

वहिनी थट्टेने म्हणाली होती. दादाला थट्टा कळत नाही हे ती एवढ्या वर्षांनीही विसरते. त्याने कागद घेतला, पट्टीने समास आखला आणि लिहायला बसला. तीन मसुदे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पान्याला शोधत निघालो. वहिनीच्या शाळेतच तो काम करत होता, हात धुवायच्या लांब ओट्याखाली. बाहेर नुसते दोन पाय दिसत होते आणि शेजारी हत्यारांची पेटी. दादा त्या पायांसमोर उभा राहिला. त्याने घसा साफ केला, कागद उघडला आणि नोटीस वाचावी तसं वाचू लागला.

"शुद्धिपत्रक. गेल्या वर्षअखेरच्या रविवारी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी श्री. ठोकळ्या, बुटका, योद्धा, पातळी नऊ, यांचा काळे दार उघडताच दगड झाल्याचे मास्तरांकडून जाहीर करण्यात आले होते. सदर ओळ चुकीच्या तक्त्यातून वाचण्यात आली. मास्तरांनी पान तपासले नाही. तरी 'दगड. जागच्या जागी. उपाय नाही' हा मजकूर रद्द समजावा व त्याऐवजी 'शेळी' असे वाचावे. खेळाडूस झालेल्या त्रासाबद्दल मास्तर दिलगीर आहेत."

ओट्याखाली पान्याचा हात थांबला. पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा.

"शेळी?" पाय म्हणाले.

"शेळी," दादा म्हणाला.

"कसली शेळी?"

"रागावलेली."

"किती रागावलेली?"

"ते फासा टाकून ठरतं."

मी दादाकडे बघितलं, दादा कागदाकडे बघत होता. माझ्याच्याने राहवलं नाही, मी खाली वाकून सगळं ओकले. जॅम, बिस्किट, चोरून बघणं, सगळं. पान्या सरपटत बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. कपाळाला काळं लागलेलं होतं.

"तुझं काय घेऊन बसलीस, धाकटे," तो म्हणाला. "तू लहानपणापासून चोरटी आहेस. पत्त्यांत काय कमी केलंस का?" मग दादाकडे वळला. "आणि तुला काय वाटलं, ठोकळ्या गेला म्हणून मी रुसलो? मरतात रे माणसं. खेळच तसा आहे. पण अकरा वर्षं सांभाळलेला माणूस माझा, तो गेला, आणि तू पडद्याआडून नुसतं म्हणालास, पुढची पाळी कोणाची. एकदा वर बघितलं नाहीस माझ्याकडे."

दादाने कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. मला वाटलं आता नियम सांगतो की काय. सांगितला असता तर मी त्याला तिथल्या तिथे नळाखाली धरणार होते.

"वर बघितलं असतं," दादा म्हणाला, "तर फासा परत टाकला असता."

पान्या त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात फडक्याला पुसला आणि पुढे केला. मला वाटलं हात मिळवायला. पण तो म्हणाला, "आण ते शुद्धिपत्रक. आवक नोंदवून घेतो." आणि कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. परत ओट्याखाली गेला.

रविवारी चार वाजता पडदा उभा होता. रजिस्टर मी परत आणलं होतं. टेबलावर गोडाचा कण नव्हता. वहिनीने मला बसण्यापूर्वी हात धुवायला लावले. चार वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. दादा घड्याळाकडे बघत नव्हता, म्हणजे किती बघावंसं वाटत असेल ते मला कळत होतं. वहिनीने चौथा कप मांडला, मग उगाच उचलला, परत मांडला.

सव्वाचारला बेल वाजली. पान्या आत आला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला आणि खिशातून कापड लावलेला कागद काढून समोर पसरला. दादाने पडद्याच्या वरून हात काढून फासा पुढे सरकवला.

"उशीर झालाय," तो म्हणाला. "टाक."

"सहा महिन्यांचा की पंधरा मिनिटांचा?"

"दोन्हीला एकच तक्ता आहे."

पान्याने टाकला. नऊ. दादाने पान काढलं आणि वाचलं, "निघालोच होतो."

वहिनी फिस्सकन हसली. पान्याने मात्र गंभीरपणे मान डोलावली. "खरंय. निघालोच होतो." मग त्याने हात पुढे केला. "रजिस्टर दे इकडे. शेवटचं पान. चूक तुझी आहे ना? मग तक्ता भरलेला पाहिजे."

बावीस वर्षांत रजिस्टर पहिल्यांदा पडद्याच्या या बाजूला आलं. पान्याने ते मांडीवर घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून लिहायला लागला. लिहिणं काही संपेना. आधी आकडे एक ते दहा, मग पान उलटून अकरा ते वीस. मध्येच वर बघून दादाकडे असा काही बघायचा की दादा अस्वस्थ होऊन पेन्सिली सरळ करायचा. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. टेबलावर चढून गाणं म्हणायला लावणार, नाहीतर कोंबडीसारखं आरवायला. शेवटी रजिस्टर परत गेलं.

दादाने फासा टाकला. चौदा.

त्याने शेवटचं पान दोन बोटांत धरलं आणि चोळून बघितलं. एकच पान आहे याची खात्री केली. मग उजेडात धरून बघितलं. "अरे, एकच आहे!" पान्या ओरडला. तेव्हा कुठे त्याने ते उलटलं आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं.

तो वाचेना. मी वाकून बघितलं. आता पडद्याआड बघण्याबद्दल मला कोण काय बोलणार होतं. पान्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, "मास्तरने वर बघावं." तेराव्या ओळीतही तेच होतं. पंधराव्यातही. अकरापासून वीसपर्यंत, आणि मला खात्री आहे, एकपासून दहापर्यंतसुद्धा, वीसच्या वीस ओळींत तेच.

दादाने चष्मा काढला. पुसला. परत लावला. मग कोंबडीसारख्या त्या ड्रॅगनच्या डोक्यावरून आधी त्याच्या भुवया आल्या, मग डोळे, मग सगळा चेहरा. त्याने पान्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला. त्याच्या नाकातून फुस्स झालं, पण डोळे भरलेले होते. वहिनी चहाची किटली धरून दारात थांबली होती, ती तिथेच थांबून राहिली.

"तू दार उघडलंस," दादा म्हणाला. "आत शेळी आहे. रागावलेली. ती तुझ्याकडे बघतेय."

"बघू दे," पान्या म्हणाला. "मीपण बघतोय."

आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

शेळीने ठोकळ्याला दोनदा लोळवलं.